काल, आज, उद्या आणि दोन्हीकडचा परवा

या वेळच्या टपालात पाच पत्रं जवळजवळ एकाच विषयावरची निघाली. लहान मुलाला वार, हवा आणि ऋतू घरच्या घरी कसे शिकवायचे? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून आजचं सदर या पाचांनाच देते आहे. बालवर्गात मी एकतीस वर्षं शिकवलं. या विषयाने मला माझं शिकवणं जितक्या वेळा बदलायला लावलं, तितकं दुसऱ्या कशानेच लावलं नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. सातही वार न अडखळता म्हणतो, उलटेसुद्धा म्हणतो. पण 'काल आपण मामाकडे जाणार ना?' असं विचारतो, आणि आज वार कोणता म्हटलं की रोज 'सोमवार' हेच उत्तर. मी रंगीत तक्ता केला, गाणं शिकवलं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं चुकत नाहीये आणि त्याचंही नाही. सात वार ओळीने म्हणणं हे पाठांतर आहे, ते तीन वर्षांचं मूलही करतं. वार कळायला मात्र दिवस पुढे सरकतात हे आधी कळावं लागतं, आणि सरकणारा दिवस डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. या वयात 'आत्ता' पक्कं असतं, 'मघाशी' थोडं थोडं कळतं. त्याच्या मागचं सगळं 'काल' आणि पुढचं सगळं 'उद्या'. तीन महिन्यांपूर्वीची गोष्टही तो 'काल' म्हणून सांगत असेल, जरा लक्ष देऊन ऐका. माझ्या वर्गात काल-आज-उद्या ठामपणे लावता येणारी मुलं बहुतेक पाचव्या वर्षाच्या पुढची असत. आजचा वार न सांगता ओळखणं त्याच्याही नंतर येतं.

त्यात आपल्या भाषेत 'परवा' आहे. गेलेलाही परवा आणि येणाराही परवा. मोठ्यांना क्रियापदावरून कळतं, मुलं क्रियापद गाळून बोलतात. एकदा वर्गात एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "ताई, परवा वाढदिवस!" मी सहज विचारलं, "अरे वा, मग काय काय केलंस?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचे डोळे भरले. वाढदिवस दोन दिवसांनी येणार होता. मी विचारलेल्या प्रश्नातून तिने एवढंच काढलं, की तो तिच्याशिवाय होऊन गेला. तिची समजूत घालायला मला मधली सुट्टी पुरली नाही. तेव्हापासून मी लहान मुलांशी बोलताना नुसतं 'परवा' म्हणत नाही, 'गेलेला परवा' आणि 'येणारा परवा' म्हणते. तुम्हीही म्हणून पाहा, घरातल्या सगळ्यांनी म्हटलं तर फार बरं.

आता करायचं काय ते सांगते. तक्ता काही दिवस बाजूला ठेवा. सात जुनी पाकिटं घ्या, लग्नपत्रिकेची, बिलांची, कुठलीही. एक दोरी मुलाच्या छातीच्या उंचीवर बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ती सात पाकिटं ओळीने अडकवा. उंची महत्त्वाची आहे, तुमच्या डोळ्यांसमोर नको, त्याच्या हाताला यायला हवी. प्रत्येक पाकिटावर वाराचं नाव तुम्ही लिहा आणि चित्र त्याला काढू द्या. त्या वारी घरात जे नेमाने घडतं त्याचं चित्र: चादरी धुण्याचा दिवस, बाबा घरी असण्याचा दिवस, शाळा नसण्याचा दिवस. एखाद्या वारी काहीच विशेष घडत नसेल तर घडवा. झाडांना पाणी घालायचा वार, नखं कापायचा वार, एवढंसं पुरतं.

रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाची एक वस्तू त्या दिवसाच्या पाकिटात जाते. वाळकं पान, बसचं तिकीट, फुटलेल्या फुग्याचा तुकडा, नाहीतर दोन रेघांचं चित्र. वस्तू त्याने निवडायची. तुम्हाला दिवसभरातलं जे महत्त्वाचं वाटलं ते त्याला वाटेलच असं नाही, तिथे बोलू नका. पाकीट भरलं की एक लाल चिमटा पुढच्या पाकिटावर सरकवायचा, तोही त्यानेच. हे मी सकाळी करायला सांगत नाही. सकाळी दिवस संपल्याची जाणीव नसते, रात्री ती अंगात असते. दिवा मालवायच्या आधी चिमटा सरकला की 'आजचा दिवस गेला' हे त्याने हाताने केलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला 'काल' दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं. कालच्या पाकिटात हात घातला की वस्तू लागते, उद्याच्या पाकिटात घातला की काहीच लागत नाही. माझ्या अनुभवात काल आणि उद्या यांतला फरक मुलांना या रिकाम्या पाकिटाने जितका लवकर कळला, तितका कुठल्याच शब्दाने कळला नाही. "काल मामाकडे जाणार ना?" असं तो म्हणाला तर चूक सुधारू नका. दोरीजवळ न्या आणि विचारा, "मामाच्या घरचं काही पाकिटात आहे का बघू?" नाही सापडलं की तोच विचार करेल. मग जे पाकीट मामाचं, त्यावर चिमट्याने एक चिठ्ठी लावा. आजपासून तिथपर्यंत बोट ठेवत किती झोपा आहेत ते मोजा. 'चार दिवसांनी' यापेक्षा 'चार झोपा' त्याला लवकर कळेल.

आणि 'आज वार कोणता?' हे विचारणं महिनाभर बंद करा. तो प्रश्न नसतो, परीक्षा असते, आणि मुलांना ते बरोबर कळतं. मीही रोज सकाळी विचारायची. एका मुलाने एकदा उत्तर दिलं, "मातीचा." मी "नाही, नीट आठव" म्हणून पुढे गेले. घरी जाताना लक्षात आलं की त्या दिवशी आम्ही वर्गात मातीकाम घ्यायचो. त्याला वार माहीत होता, माझ्याजवळ फक्त नाव होतं. प्रश्न विचारण्याऐवजी तुम्ही स्वतः बोलता बोलता वाराचं नाव घ्या: "आज बुधवार, चादरी काढूया."

पुष्कळजण वारांचं गोल चक्र करायला सांगतात. चक्र चांगलंच, पण मी आधी सरळ दोरीच लावते. गोलावर काल आणि उद्या दोन्हीकडून एकमेकांना येऊन मिळतात, त्याने लहान मूल गोंधळतं. सातवं पाकीट भरल्यावर "आता पुढे कुठे?" असं तो स्वतः विचारेल. तेव्हा दोरीची दोन टोकं एकत्र बांधून दाखवा. सात पाकिटं रिकामी करा, त्यातली एक वस्तू त्याला निवडू द्या आणि जाड कागदांच्या वहीत चिकटवा. ही वही जपून ठेवा, खाली तिचं काम पडणार आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की वारांचा हाच क्रम का, रवीनंतर सोम आणि मग मंगळच का. हे त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते, कारण हिशेब सुरेख आहे. जुन्या ज्योतिषांनी आकाशात सरकणारे सात गोल त्यांच्या वाटेवरच्या संथपणावरून लावले: शनी सगळ्यात संथ, मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यात चपळ चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांना, म्हणजे होरांना, हे सात ओळीने वाटून दिले. पहिल्या होरेचा जो स्वामी, त्याचं नाव दिवसाला. चोवीस भागिले सात, बाकी तीन उरते. म्हणून रोज तीन घरं पुढे जायचं. शनीपासून तिसरा सूर्य, सूर्यापासून तिसरा चंद्र म्हणजे सोम, चंद्रापासून तिसरा मंगळ. सातही वार बोटांवर करून पाहा, क्रम चुकत नाही.

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी हवामानाचा तयार तक्ता आणला, सूर्य, ढग, पाऊस, वारा आणि मध्ये फिरणारा बाण. आठवडाभर तिने हौसेने बाण फिरवला, आता बघतसुद्धा नाही. मला थोडंफार सुतारकाम येतं, वेळही आहे. घरी काय करून देऊ? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, तुमच्या तक्त्याची गोष्ट माझ्याही वर्गात घडली आहे, आणि माझा तक्ता तर मी स्वतः शिवला होता. सूर्याला पिवळ्या कापडाची झालर होती, पावसाचे थेंब मात्र साध्या निळ्या कागदाचे. जूनमध्ये लावला. एका सकाळी बाहेर इतका पाऊस होता की मुलं निथळत आत आली, आणि ज्याची पाळी होती त्याने जाऊन सूर्य लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीही खिडकीकडे पाहिलं नव्हतं. सूर्य सुंदर होता म्हणून सूर्य. मी मुलांना तक्ता बघायला शिकवलं होतं, आभाळ बघायला शिकवलंच नव्हतं.

म्हणून सुतारकामाआधी खिडकी ठरवा. रोज एकच खिडकी, एकच वेळ, दोघांनी मिनिटभर उभं राहायचं. आभाळ, जमीन आणि एखादं झाड दिसेल अशी जागा निवडा. पाहून झालं की एक शब्द शोधायचा, आणि इथे आपली मराठी इतकी श्रीमंत आहे की तक्त्यावरची चार चित्रं फारच अपुरी पडतात. ऊन म्हटलं तर कोवळं, टळटळीत, उतरतं. पाऊस भुरभुरतो, रिमझिमतो, सरीवर सरी येतात, झड लागते, मुसळधार कोसळतो, मग उघडीप पडते. वाऱ्याची झुळूक येते, वारा सुटतो, घोंगावतो, पडतो. आभाळ भरून येतं, मळभ धरतं, निवळतं. धुकं, दव, गारा, वावटळ, कवडसा हे सगळं वेगळंच. एका आठवड्यात एक नवा शब्द पुरे, पण तो शब्द जेव्हा बाहेर खरोखर दिसत असेल तेव्हाच द्या. मळभ आलेल्या दिवशी 'मळभ' ऐकलेलं मूल तो शब्द विसरत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आजारी आईबद्दल सांगितलं होतं, "आईवर आज मळभ आहे."

आता तुमच्या हाताला काम. खिडकीबाहेर किंवा गच्चीत रोवता येईल असा एक खांब करा, हातभर उंच. त्याच्या टोकाला तीन फिती बांधा: एक टिश्यू कागदाची, एक पातळ सुती कापडाची, एक जाड कापडाची. झुळुकीला फक्त कागद हलतो, वारा वाढला की सुती फीत उडते, जाड फीत ताठ झाली म्हणजे खरा वारा. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची जी मापं लावली तीही अशीच आहेत, उपकरणाशिवाय, नुसतं पाहून. शून्य ते बारा. जमिनीवर ती अशी वाचतात: धूर सरळ वर जातो तेव्हा शून्य, पानं सळसळली आणि वारा तोंडाला लागला की दोन, धूळ आणि कागद उडू लागले की चार, छत्री धरणं अवघड झालं की सहा. नातीसाठी तीन फितींची तीन मापं पुष्कळ झाली. मोठी झाली की तिला बाराही सांगा.

पावसासाठी सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच तोंडात बसवा. कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावा. तळ खोलगट असेल तर आधी खडे टाका, खडे बुडून पाण्याची पातळी सरळ भागात येईल इतकं पाणी ओता, आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्या रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर ठेवायची, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नाही. वाऱ्याने पडू नये म्हणून तुम्ही एक लाकडी खोबण करून द्याल तर उत्तमच. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. हे तिला सांगू नका, दाखवा. जमिनीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि एक लिटर पाणी तिला त्यात ओतू द्या. रोज मोजून झालं की बाटली शून्याच्या रेघेपर्यंत आणा आणि आठवड्याला पाणी बदला, साचलेल्या पाण्यात डास होतात.

आणखी एक, याला काहीच बनवावं लागत नाही. एकच रुमाल भिजवून, पिळून, एकाच जागी वाळत घालायचा आणि किती वेळात वाळला ते लिहायचं. कडक उन्हात तो बघता बघता वाळतो, दमट दिवशी संध्याकाळपर्यंत ओलाच. हवेत ओल असते हे पाच वर्षांच्या मुलाला शब्दांनी सांगून कळत नाही, ओल्या रुमालाला हात लावून कळतं. ऊन सारखंच असून वारा असलेल्या दिवशी तो लवकर वाळतो हेही तिच्या लक्षात येईल. ते तिलाच सापडू द्या, आजोबा.

तयार तक्ता फेकू नका. खिडकीतून पाहून झाल्यावर, शब्द सापडल्यावर, सगळ्यात शेवटी बाण फिरवायचा. तक्त्यावर 'मळभ' नसेल तर ते चित्र दोघांनी काढून चिकटवा.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. मुलीच्या मराठी पुस्तकात तीन ऋतू आहेत, तिच्या शाळेत चार शिकवतात, आणि माझी आई फोनवर सहा सांगते. मुलगी सहा वर्षांची आहे, ती विचारते यातलं खरं कोणतं. शिवाय 'थंडीत सूर्य लांब जातो का?' हेही विचारते. काय सांगू?

उत्तर : तिन्ही खरे, असं सांगा, आणि ते टाळाटाळीचं उत्तर नाही. ऋतू कुठेतरी आधी ठरवून ठेवलेले नसतात, ज्या त्या जागेवरच्या माणसांनी वर्षाचे तुकडे पाडून त्यांना नावं दिली. जिथे वर्षातला मोठा बदल पावसाने होतो तिथे पावसाळा वेगळा धरावाच लागतो. विषुववृत्ताजवळच्या बऱ्याच भागांत थंडी अशी नसतेच, तिथे ओला काळ आणि कोरडा काळ एवढे दोनच भाग सोयीचे. ध्रुवांच्या बाजूला सरकलं की उजेड आणि थंडी-उष्णता यांचा फरक मोठा होतो, तिथे चार. आजीचे सहा म्हणजे वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, दोन-दोन महिन्यांचे, जास्त बारकाईने पाडलेले तुकडे. आणि पृथ्वीच्या उत्तर अर्ध्यात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिण अर्ध्यात हिवाळा असतो, हे सहा वर्षांच्या मुलीला ऐकायला फार आवडतं.

पण यातलं काहीही सांगण्याआधी तिला तिचे ऋतू मोजू द्या. घराजवळचं एक झाड निवडा. दर महिन्याच्या त्याच तारखेला त्याच जागेवरून त्याचं चित्र काढायचं, खाली पडलेलं एक पान आणायचं, आणि त्या दिवशी तिने अंगावर काय घातलं होतं ते लिहायचं. वरच्या पत्रात ज्या वहीबद्दल सांगितलं, तीच वही तुम्हीही करा. बारा पानं झाली की ती जमिनीवर ओळीने मांडा आणि तिला म्हणा, "आता तूच तुकडे पाड." तीन पाडले तर तीन, पाच पाडले तर पाच. तिने ठेवलेली नावंही चालतील. मग पुस्तकातली नावं शेजारी ठेवा. तुमच्या पत्रात तुम्ही पानगळीच्या दिवसांना 'शरद' म्हटलंय, पुष्कळ पुस्तकांतही तसंच छापतात. आपल्या सहा ऋतूंत पानगळ शिशिराची आहे, त्यामुळे आजी आणि शाळा यांत तिचा गोंधळ होईल. तुम्ही सरळ 'पानगळीचा ऋतू' म्हणा.

सूर्य लांब जातो का, हा प्रश्न उत्तम आहे आणि पुष्कळ मोठ्यांचाही समज तसाच असतो. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. सगळ्यात लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तरेकडच्या लोकांची थंडी नेमकी सूर्य जवळ असताना येते. खरं कारण पृथ्वीचा आस कललेला आहे हे, साधारण साडेतेवीस अंशांनी. त्यामुळे वर्षातले काही महिने आपल्या अर्ध्यावर उन्हं सरळ पडतात आणि दिवस मोठा असतो. काही महिने उन्हं तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो.

सहा वर्षांच्या मुलीला आस सांगू नका, टॉर्च द्या. अंधारात कागदावर टॉर्च सरळ वरून धरायचा आणि उजेडाच्या वर्तुळाभोवती पेन्सिल फिरवायची. मग टॉर्च तितक्याच अंतरावर ठेवून तिरपा करायचा. उजेड लांबट पसरतो, फिका होतो. दुसऱ्या रंगाने त्याची कड काढायची. "टॉर्च तोच, उजेड तोच, पण आता त्याला जास्त कागद उबवायचा आहे." एवढं वाक्य पुरे. चेंडूत काडी खुपसून दिव्याभोवती फिरवायचा प्रयोग दोन-तीन वर्षांनी करा, आणि तेव्हा काडीचं टोक पूर्ण फेरीभर खोलीच्या एकाच कोपऱ्याकडे रोखलेलं ठेवा. बहुतेक घरांत काडी फेरीबरोबर वळते आणि सगळा प्रयोग वाया जातो.

याच्या जोडीला सावली. महिन्यातून एकदा, भरदुपारी, एकाच जागी तिला उभं करा आणि पायांपासून सावलीच्या डोक्यापर्यंत दोरी कापा. दोरीला महिन्याची चिठ्ठी बांधा. सहा महिन्यांनी दोऱ्या शेजारी शेजारी लटकवल्या की उन्हाचा तिरपेपणा भिंतीवर टांगलेला दिसतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सगळ्यात लहान दोरी जूनची आणि सगळ्यात लांब डिसेंबरची निघेल. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्या वाचकांना वर्षातून दोनदा भरदुपारी सावली पायाखाली गडप झालेली दिसेल, ते दिवस चुकवू नका. सूर्याकडे सरळ पाहायचं नाही, एवढं मात्र दर वेळी बजावा.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, ढग गडगडले की कपाटात जाऊन बसतो. 'घाबरायचं नसतं' म्हणून थकलो.

उत्तर : तसं म्हणू नका. आवाज खरोखर मोठा असतो, आणि भीती खरी असते. त्याला जवळ घेऊन बसा आणि वीज चमकली की दोघांनी मोठ्याने मोजायला लागा: एक, दोन, तीन, गडगडेपर्यंत. आवाज एका सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. मोजलेल्या आकड्याला तीनने भागलं की वीज किती लांब आहे ते कळतं. भागाकार तुम्ही करा, त्याच्यासाठी आकडा वाढत जातो की कमी होतो एवढंच. आकडे वाढू लागले की "ढग चालले" हे तोच सांगेल. एका भेदरट मुलीबरोबर मी हे केलं होतं, ती पुढच्या पावसात मोजायला मिळावं म्हणून खिडकीशी बसून होती. आकडा तीसच्या आत असेल तर कुणीही बाहेर राहू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबावं, हे मोठ्यांसाठी. आणि कपाटात बसू द्या त्याला. दार थोडं उघडं ठेवून तुम्ही बाहेर बसून मोजा.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. वार आणि ऋतूंचं जे काही सापडतं ते सगळं चित्रांचं. तिच्यासाठी काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोन दिवस जवळ ठेवलं होतं. माझ्या वर्गात न दिसणारं एकच मूल आलं, आणि हवा कशी 'पाहायची' हे मी त्याच्याकडून शिकले. पाऊस यायच्या आधी तो म्हणायचा, "आवाज जवळ आले." खरोखरच दमट, जड हवेच्या दिवशी तो लांबची गाडी जवळ असल्यासारखी सांगायचा. मला ते तोवर कधी जाणवलं नव्हतं.

पाकिटांची दोरी तिच्यासाठी जशीच्या तशी चालेल, फक्त पाकिटांऐवजी कापडी पिशव्या करा आणि प्रत्येक पिशवी वेगळ्या कापडाची: मखमल, जाडंभरडं सुती, गुळगुळीत साटन, लोकर, जाळीचं, दोरव्याचं, रेक्झिनचं. कापड एकदा ठरलं की बदलायचं नाही. दोरीवर 'आज' दाखवायला चिमट्याला घुंगरू बांधा. कालची पिशवी भरलेली, उद्याची रिकामी, हे तिच्या बोटांना लगेच कळेल. इथे डोळस मुलांपेक्षा तीच पुढे असेल. ब्रेल शिकायला लागली की प्रत्येक पिशवीवर वाराचं नाव ब्रेलमध्ये शिवा, म्हणजे मखमल आणि अक्षरं एकमेकांना चिकटतील.

हवेसाठी खिडकीऐवजी उंबरठा. रोज एकाच वेळी दारात उभं राहून आधी गालाला काय लागतं, मग तळहात बाहेर काढून काय लागतं, मग कान काय सांगतात, मग वास. पावसाळी मातीचा, तापलेल्या भिंतीचा, धुक्याचा वास वेगवेगळा असतो. डाव्या गालाला ऊन लागलं तर सूर्य डावीकडे आहे. सकाळ-संध्याकाळ एकाच जागी एकाच दिशेला तोंड करून उभं राहिली तर सूर्य एका गालावरून दुसऱ्या गालावर गेलेला तिला कळेल. वाऱ्यासाठी तीन फितींऐवजी तीन आवाज टांगा: वाळक्या शेंगांचा, लाकडी तुकड्यांचा, धातूच्या किल्ल्यांचा. झुळुकीला शेंगा वाजतात, किल्ल्यांना जोराचा वारा लागतो. पावसाच्या बाटलीत बोट घालून पाणी कितव्या पेरापर्यंत आलं ते मोजायचं, कापलेली कड मात्र नीट घासून, पट्टी लावून घ्या. आणि ओला रुमाल तर तिच्याच हाताचं काम आहे.

ऋतूंच्या वहीला चित्रं नकोत. बारा डबे करा आणि त्यात दर महिन्याची पानं, शेंगा, साली, माती. पानगळीत पाऊल टाकलं की आवाज बदलतो, कोवळी पालवी जिभेसारखी मऊ असते, उन्हाळ्यात तीच पानं कडक होतात. माझ्या त्या विद्यार्थ्याने वर्षाच्या शेवटी डबे उघडून, वास घेऊन महिने ओळीने लावून दाखवले होते. दोन चुकले, ते मीही चुकले असते.

पहिला आठवडा संपेल तेव्हा पिशव्या रिकाम्या करताना तुम्ही काही बोलू नका. आधी तिला एकेका पिशवीत हात घालू द्या, आणि तिने पहिल्या आठवड्यातून वहीसाठी, नव्हे डब्यासाठी, काय राखून ठेवलं ते मला लिहून कळवा.